शाळा अंगणांत आली

शाळेचा दरवाजा सर्वांस खुला झाला म्हणजे शिक्षण सर्वांस समान मिळालें, अशी पुष्कळांची समजूत असते. परंतु दोन मुलें एकाच दिवशीं पहिल्या इयत्तेंत येऊन बसलीं, तरी त्यांपैकीं एक गोष्टी, गाणीं व चित्रें यांच्या सहवासांत वाढलेलें असतें, आणि दुसऱ्यानें तोंवर पाटीहि हातांत धरलेली नसते. पुढें परीक्षेंत जें अंतर दिसतें त्याचा पाया त्या दिवसापूर्वींच घातला गेलेला असतो. हें अंतर मुळाशीं जाऊन मिटविण्याचा एक थोर प्रयत्न डहाणू तालुक्यांत झाला. ताराबाई मोडक व अनुताई वाघ या दोन स्त्रियांच्या तपश्चर्येचा तो इतिहास आहे.

मॉंटेसोरीबाईंनीं १९०७ सालीं आपलें पहिलें बालगृह उघडलें तें रोम शहरांतील श्रमजीवी लोकांच्या वस्तींत. हिंदुस्थानांत मात्र महाग साधनांमुळें ही पद्धति बहुधा सुखवस्तु घरांपुरतीच राहिली. ताराबाईंनीं भावनगरास गिजुभाई बधेका यांच्यासमवेत बालशिक्षणाचे प्रयोग केले होते. १९२६ सालीं स्थापन झालेल्या नूतन बालशिक्षण संघाच्या त्या प्राण होत्या, आणि १९३६ सालीं दादरला शिशुविहारहि त्यांनीं उभारला. तथापि खेड्यांतील दरिद्री मुलास यांतील कांहींच लाभत नाहीं, ही टोंचणी त्यांच्या मनास लागून राहिली.

१९४५ सालीं बोर्डी येथें ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू झालें. बालविधवा असून स्वकष्टानें शिक्षिका झालेल्या अनुताई त्याच वर्षीं तेथें येऊन मिळाल्या. बालवाडी उघडली, पण ज्यांच्यासाठीं ती मुख्यतः उघडली तीं हरिजन व आदिवासी मुलें येईनात. आईबाप पहांटेस मजुरीवर जात. मुलास न्हाऊं घालून वेळेवर धाडणार कोण? तेव्हां ताराबाईंनीं प्रश्नच उलटा मांडला. मूल शाळेंत येत नसेल, तर शाळेनें मुलाच्या अंगणांत जावें. ‘अंगणवाडी’ ती हीच. शिक्षिका पाड्यावर जाई, मुलांचीं नखें कापी, केंस विंचरी, मग गाणीं व खेळ सुरू होत. परदेशी साधनांच्या जागीं बिया, शिंपले, खडे व पानें आलीं. मोजणें, लावणें, निवडणें हे धडे त्यांवरच होऊं लागले.

पुढें सुमारें दहा-बारा वर्षांनीं हें कार्य कोसबाडच्या टेंकडीवर गेलें. हा वारल्यांचा मुलूख. वेठ व सावकारी यांच्या जांचाविरुद्ध वारल्यांनीं १९४५ सालींच उठाव केला होता. येथें मुलाचें श्रम हा घराचा आधार होता. थोरली बहीण शाळेंत येत नसे, कारण धाकटें भावंड तिच्या कडेवर असे. भाऊ येत नसे, कारण गुरें त्याच्या हवालीं असत. म्हणून पाळणाघर, बालवाडी व प्राथमिक शाळा एकत्र आणून ‘विकासवाडी’ उभी राहिली. भावंडासह बहीण शाळेंत येऊं लागली. गुराख्यांसाठीं कुरणशाळा निघाली; गुरें चरत असतां मुलें शिकत. मुलांस आळशी वा मंद न म्हणतां त्यांची अडचण शोधणें, हेंच या सुधारणेचें मर्म होतें.

ताराबाई १९७३ सालीं निवर्तल्या. अनुतांईनीं १९९२ पर्यंत, मृत्यूच्या घडीपर्यंत, तो वसा चालविला. १९७५ सालीं सरकारनें एकात्मिक बालविकास योजना आरंभिली आणि अंगणवाडी हा शब्द देशभर पोंचला. परंतु पोषण, लसीकरण व नोंदी यांचा भार मानधनावर काम करणाऱ्या सेविकेवर पडला, आणि शिक्षण पुष्कळ ठिकाणीं मागें सरलें. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्यानें सहा ते चौदा वर्षांच्या मुलांस हक्क दिला. सहा वर्षांखालील मूल त्या हक्काबाहेरच राहिलें. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानें तिसऱ्या वर्षापासूनचा काळ शालेय रचनेंत धरला. म्हणजे बालवाडी व शाळा जोडण्याचें जें काम कोसबाडच्या टेंकडीवर झालें होतें, त्याकडे देश पुन्हा वळला.

नांव सर्वत्र गेलें. आतां त्या नांवामागचें शिक्षणहि प्रत्येक पाड्यावर पोंचलें पाहिजे. तोंपर्यंत पहिल्या इयत्तेच्या उंबरठ्यावर दोन मुलें शेजारीं उभीं राहतील, पण बरोबरीनें उभीं राहणार नाहींत.