उरल्या तेलाची पूर्वपीठिका

विलायत, अमेरिका यांसारख्या थंड मुलुखांत घर उबदार राखण्यासाठी पुष्कळ ठिकाणी तेलावर चालणारी भट्टी असते. तेथील कित्येक हौशी गृहस्थ खाणावळींतून तळणीचे टाकाऊ तेल आणतात, गाळतात, आणि भट्टीत थोडाफार फेरफार करून तेच जाळतात. ही हकीकत पालघरच्या किंवा बोईसर-तारापूरच्या माणसास सांगितली तर त्याला हसूच येईल. केळवे-माहीमच्या वाड्यांत पौष-माघात फार तर एखादी शेकोटी पेटावयाची. जव्हार-मोखाड्याकडे गारठा अधिक खरा. पण घर तापविण्याची निराळी भट्टी तेथेही कोणी बांधली नाही. आपल्या घरचा अग्नी म्हणजे दिवा, चूल आणि न्हाणीघरातील बंब. तथापि, उरल्या तेलाचे करावयाचे काय, हा प्रश्न पालघर-बोईसरलाही सुटलेला नाही. तो का सुटला नाही, हे कळण्यास थोडे मागे जावे लागते.

आपल्या भाषेने तेलाच्या दोन जाती फार पूर्वीच ठरवून ठेवल्या आहेत : गोडे तेल आणि कडू तेल. गोडे ते पोटात जावयाचे, कडू ते अग्नीत. तीळ, भुईमूग, खोबरे यांचे तेल पहिल्या जातीचे. करंजाचे आणि उंडीचे दुसऱ्या जातीचे. करंज ओढ्याकाठी वाढतो, उंडीला समुद्राकाठची वाळू मानवते, म्हणजे उत्तर कोकणात दोघांनाही जागेची ददात नव्हती. करंजेल जळे, खरजेवर चोळले जाई, गुरांच्या अंगाला लागे. तोंडात मात्र कोणी घालीत नसे. माशांचे तेल कोळी लोक होड्यांच्या फळ्यांना चोपडीत. डोंगराकडच्या आदिवासींचे मोहाच्या बियांचे तेल तेवढे या वाटणीत बसत नाही. ते दिव्यातही जाई आणि कढईतही. तेल गाळणारा तेली हा गावगाड्यातील आवश्यक मनुष्य. कोकणातील बेने इस्रायली लोक हाच धंदा करीत, आणि शनिवारी घाणा बंद ठेवीत, म्हणून त्यांना ‘शनवार तेली’ हे नाव पडले.

या व्यवस्थेत उरल्या तेलाला जाण्यास वाट होती. तळणीचे तेल मुळात थोडे आणि महाग, त्यामुळे पुष्कळसे फोडणीत व मोहनात संपे. त्यातूनही काळे पडलेले, वास लागलेले काही उरले, तर ते आपोआप कडू तेलाच्या पंगतीस बसावयाचे. गोठ्यातील पणती, मशालीच्या चिंध्या, बंब पेटविण्याचा बोळा यांना त्याचे वावडे नव्हते. घरात तेल जाळणारी साधने होती, म्हणून तेल बिघडले तरी वाया जात नसे आणि पुन्हा ताटातही येत नसे.

ही वाट बुजविली ती रॉकेलने. ‘रॉक ऑइल’, म्हणजे खडकातले तेल, यावरून ‘रॉकेल’ आणि ‘गॅसलाइट’वरून ‘घासलेट’ अशी दोन नावे या पाहुण्याने मिळविली. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात तो आला आणि पन्नास वर्षांच्या आत घरचा होऊन बसला. त्याचा जय केवळ स्वस्ताईने झाला असे मला वाटत नाही. वनस्पतींचे तेल दाट असते. ते वातीतून फार उंच चढत नाही. म्हणून समईचे पात्र उथळ, आणि वात तेलातच आडवी पडलेली. रॉकेल पातळ, ते वीतभर वातीतून सहज वर येते. म्हणून कंदिलाची टाकी खाली आणि ज्योत वर काचेत ठेवता येते. वाऱ्यात न विझणारा, हाती धरून शेतावर नेता येणारा दिवा कडू तेलाला कधी साधला नव्हता. पुढे स्वीडनमधील लिंडक्विस्ट यांचा १८९२ सालचा प्रायमस स्टोव्ह आला. त्यात रॉकेलची वाफ करून जाळावयाची असते. रॉकेलची वाफ चाळीस अंश सेंटिग्रेडच्या आसपासच पेट घेऊ लागते. गोड्या तेलास त्यासाठी सुमारे तीनशे अंश उष्णता लागते. स्टोव्हमध्ये तळणीचे तेल घालून पाहणाऱ्याच्या पदरी धूर आणि तुंबलेले भोक यांपलीकडे काही पडत नाही, त्याचे कारण हे.

मार्च १९४२ मध्ये रंगून पडले, ब्रह्मदेशाचे तेल बंद झाले, रॉकेलची टंचाई झाली, तेव्हा कडू तेलाचे महत्त्व पुन्हा आठवले. त्याच वर्षी हिंदुस्थानी वनस्पतितेले डिझेल-यंत्रात कितपत चालतात, यासंबंधीच्या प्रयोगांचा वृत्तांत एका इंग्रजी तांत्रिक नियतकालिकात प्रसिद्ध झाला. कल्पना नवी नव्हती. १९०० सालच्या पॅरिस येथील प्रदर्शनात एक लहान डिझेल-यंत्र भुईमुगाच्या तेलावर चालवून दाखविले होते. आफ्रिकेतील वसाहतींत तेथलेच तेल वापरता यावे, ही फ्रेंच सरकारची इच्छा त्यामागे होती. दरवर्षी १० ऑगस्टला जैवइंधन दिन पाळतात, आणि १८९३ साली त्या दिवशी रुडॉल्फ डिझेल यांनी भुईमुगाच्या तेलावर यंत्र चालविले असे सर्रास सांगतात. ते खरे नव्हे. त्या दिवशीचे इंधन खनिज तेलाचेच होते.

महत्त्वाची गोष्ट घडली १९३७ साली, बेल्जममध्ये. शावान या रसायनशास्त्रज्ञाने मद्यार्काच्या साहाय्याने ताडतेलाचे पातळ इंधन बनविण्याच्या कृतीचे पेटंट घेतले, आणि पुढच्या वर्षी ब्रसेल्स व लूव्हाँ यांच्या दरम्यान त्यावर बस चालली. आजही रीत तीच आहे. शंभर भाग तेलात सुमारे दहा भाग मेथॅनॉल व थोडा दाहक क्षार घातला म्हणजे तेलाचा दाटपणा मोडतो, आणि सुमारे दहा भाग ग्लिसरीन तळाशी बसते. साबण करणाऱ्यास ही कृती परकी वाटणार नाही. युद्ध संपले, खनिज तेल मुबलक झाले आणि हे सारे कपाटात गेले.

दरम्यान आपल्या घरांत काय झाले? तारापूरला १९६९ साली अणुशक्तीची वीज निर्माण होऊ लागली. शेजारीच कारखान्यांची वसाहत वसली, बोईसरची वस्ती फुगली, स्थानकाबाहेर वडे-भज्यांच्या गाड्या उभ्या राहिल्या. समई देवघरापुरती उरली, बंबाची जागा विजेच्या व गॅसच्या साधनांनी घेतली. गोडे तेल मात्र पूर्वी कधी नव्हते इतके खपू लागले. म्हणजे बिघडलेले तेल वाढले आणि ते जाळण्याची साधने गेली. त्याला दोनच वाटा राहिल्या : मोरी, किंवा पुन्हा कढई. मोठ्या उपाहारगृहाने टाकलेले तेल स्वस्तात विकले जाते व लहान गाडीवर पुन्हा तापते. ते खातो तो बहुधा पाळी संपवून निघालेला कामगार. वारंवार तापविलेल्या तेलात जी अपायकारक द्रव्ये साचतात, त्यांची मर्यादा अन्नसुरक्षा प्राधिकरणाने १ जुलै २०१८ पासून शेकडा २५ ठरविली. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये असे तेल गोळा करून त्याचे डिझेल करण्याची योजना निघाली. १ मार्च २०१९ पासून रोज पन्नास लिटरांहून अधिक तेल तळणीस वापरणाऱ्यांनी त्याचा हिशेब ठेवावा, असा नियम झाला.

पन्नास लिटर! वडापावची गाडी त्या नियमाखाली यावयाची कशी? तेल जेथून निघते तेथे वही आहे. ते जेथे पोहोचते तेथे नाही.

कोणी म्हणेल, मग घरीच का जाळू नये? बंब अजून असेल तर तेलात भिजविलेला चिंधीचा बोळा पेटवणास चालेल. अधिक ओतल्यास अर्धवट जळून डोळ्यांना झोंबणारा धूर निघतो, आणि पेटलेल्या तेलावर पाणी टाकले तर ज्वाळा छतास लागते. मेथॅनॉल घरात आणण्याचा तर विचारही नको. ते विष आहे, आणि त्याची ज्योत भर उजेडात दिसतसुद्धा नाही. ते काम रसायनांची सवय असलेल्या कारखान्यांचे, आणि तसले कारखाने तारापुरास कमी नाहीत. अडचण कृतीची नाही, डब्याची आहे. रॉकेल ज्या चौकोनी पत्र्याच्या डब्यातून गावोगाव आले, जवळजवळ त्याच आकाराच्या डब्यातून आज पंधरा किलो गोडे तेल येते, आणि काळे होऊन त्याच डब्यातून उपाहारगृहाच्या मागल्या दाराने बाहेर पडते. तेथे इंधनवाल्याचा माणूस आणि गाडीवाला असे दोन गिऱ्हाईक उभे असतात. नवे तेल महागले की गाडीवाला चार पैसे जास्त देतो.