कांबळी, मच्छिंद्र

(४ एप्रिल १९४७–३० सप्टेंबर २००७). मालवणी बोलीला व्यावसायिक मराठी रंगभूमीवर मानाचे स्थान मिळवून देणारे विनोदी नट व नाट्यनिर्माते. ‘मालवणी नटसम्राट’ या लोकदत्त उपाधीने ख्यात. मूळ गाव रेवंडी (ता. मालवण, जि. सिंधुदुर्ग), तेथील ग्रामदेवता भद्रकाली हिचेच नाव त्यांनी पुढे आपल्या नाट्यसंस्थेस दिले.

बोली व परंपरा : कांबळी यांच्या विनोदाचे मर्म कळण्यास तेरेखोल नदीच्या दोन्ही तीरांवरील मुलूख ध्यानी घ्यावा लागतो. १७८८ साली पेडणे महाल सावंतवाडीकर भोसल्यांच्या हातून पोर्तुगीज अंमलाखाली गेला आणि नदीवर सरहद्द पडली. तथापि सोयरीक, देवस्थानांचे मानपान आणि जत्रेतला दशावतारी काला यांना ती सरहद्द कधी मानवली नाही. नार्वे-डिचोलीपासून पेडण्यावरून मालवणपर्यंत जावे तसतशी बोली कोसाकोसाने पालटते, गोव्याकडचे ‘आयलो’ उत्तरेस ‘इलो’ होते, परंतु ‘माका’, ‘तुका’, ‘खंय’ हे शब्द ऐकताना परकेपणा कोणास वाटत नाही. (मालवणी ही मराठीची बोली की कोंकणीची, हा वाद येथे प्रस्तुत नाही.)

या पट्ट्यातील दशावतारी खेळात देव आणि राजे संस्कृतप्रचुर ग्रांथिक मराठीत भाषणे करतात, आणि पूर्वरंगात येणारा काळ्या वेषाचा, लाल जिभेचा संकासुर तेवढा गावच्या बोलीत बोलून हशा पिकवितो. लिखित संहिता नसते; आख्यान रंगपटात ठरते आणि संवाद नट आयत्या वेळी रचतो. अर्थात बोलीला रंगमंचावर जागा होती, पण ती असुराच्या तोंडी. कांबळी यांनी ती ‘वस्त्रहरण’ नाटकातील सरपंचाच्या तोंडी आणली व संपूर्ण नाटकाचा भार तिच्यावर टाकला, हे त्यांचे कार्य प्रस्तुत नोंदकारास त्यांच्या प्रयोगसंख्येहून मोठे वाटते.

वस्त्रहरण : गंगाराम गवाणकर यांनी ‘आज काय नाटक होवचा नाय’ या आपल्या आधीच्या छोट्या नाटकाचा विस्तार करून ‘वस्त्रहरण’ लिहिले, ते १९८० मध्ये व्यावसायिक रंगभूमीवर आले. कोकणातील एका गावची हौशी मंडळी द्रौपदीवस्त्रहरणाचे नाटक बसवितात, आणि पौराणिक पात्राचे भारदस्त वाक्य उच्चारता उच्चारता प्रत्येकाची जीभ घरच्या बोलीकडे घसरते, एवढ्याच कल्पनेवर हे नाटक उभे आहे; म्हणजे देव आणि संकासुर यांच्यामधील जुने भाषिक अंतर येथे एकाच माणसाच्या ठायी नांदते. कांबळी यांचा तात्या सरपंच हा त्या अंतरावर पहारा करणारा अधिकारी: नाटक बसविणारा, दटावणारा, गावाची अब्रू सांभाळू पाहणारा, आणि संतापाच्या भरात स्वतःच सर्वांआधी बोलीवर येणारा. हसवण्यासाठी त्यांनी तात्याला कधी मूर्ख केले नाही. त्याच्या रागात पोटतिडीक असे आणि म्हणूनच त्याची शिवीही गावकऱ्याला आपल्या घरातल्या वडीलधाऱ्याची वाटे. नाटकातील शिवराळपणाविषयी मतभेद आहेत.

प्रारंभी या नाटकास प्रतिसाद बेताचाच होता, पु. ल. देशपांडे यांनी प्रयोग पाहून धाडलेल्या प्रशंसापत्राने त्याचे दैव पालटले, असे सांगितले जाते. प्रयोगसंख्या पाच हजारांवर सांगतात. लंडन येथेही प्रयोग झाला. नाटकाच्या जडणघडणीची हकीकत गवाणकरांनी ‘व्हाया वस्त्रहरण’ या पुस्तकात दिली आहे.

इतर नाटके : ‘पांडगो इलो रे बा इलो’, ‘घास रे रामा’, ‘वय वर्षे पंचावन्न’, ‘येवा कोकण आपलाच असा’ इत्यादी. यांपैकी अखेरच्या नाटकाचे नाव स्वागताचे वाक्य म्हणून कोकणात रूढ आहे.

चित्रपट व दूरचित्रवाणी : या क्षेत्रांतील त्यांचे काम रंगभूमीच्या मानाने गौण.

मृत्यू व तदनंतर : वयाच्या साठाव्या वर्षी हृदयविकाराच्या झटक्याने त्यांचे निधन झाले. ‘भद्रकाली’चा कारभार पुढे त्यांचे पुत्र प्रसाद कांबळी यांनी चालविला, ‘संगीत देवबाभळी’ (२०१७) हे याच संस्थेचे नाटक. ‘वस्त्रहरण’चे प्रयोग अन्य नटांनी तात्या होऊन चालू ठेवले, आणि ते पाहणाऱ्या जुन्या प्रेक्षकाच्या कानी मात्र दर वाक्यामागे पहिला तात्या उभा राहतो. छापील संहितेत त्याचे शब्द आहेत, हेल नाहीत. वाक्याचे शेवटचे अक्षर किती ओढावे, हशा ओसरण्याआधी पुढचा शब्द कोठे टाकावा, याला लेखी खूण नाही. सुदैवाने कांबळी यांच्या भूमिकेसह या प्रयोगाचे ध्वनिचित्रमुद्रण उपलब्ध आहे. बोलीच्या अभ्यासकाने प्रथम ते डोळे मिटून ऐकावे.