क्यूआर कोड : काळ्यापांढऱ्या चौकटीतील पत्ता

वडापावच्या गाडीपासून मॉलपर्यंत आणि मंदिराच्या दानपेटीपासून रिक्षापर्यंत काळ्यापांढऱ्या ठिपक्यांचा एक चौकोन आज सर्वत्र चिकटवलेला दिसतो. मोबाइलचा कॅमेरा त्याच्यासमोर धरला, की क्षणार्धात पैसे चुकते करता येतात. मात्र या चौकोनात नेमके काय लिहिलेले असते, याची कल्पना तो रोज वापरणाऱ्या अनेकांना नसते. फसवणूक करणारे नेमका याच अज्ञानाचा फायदा घेतात. त्यामुळे क्यूआर कोडची घडण समजून घेणे ही आता केवळ जिज्ञासेची बाब राहिलेली नाही.

कारखान्यात जन्म

'क्यूआर' ही 'क्विक रिस्पॉन्स', अर्थात 'तत्काळ प्रतिसाद' या शब्दांची आद्याक्षरे. हा कोड १९९४ मध्ये जपानमध्ये तयार झाला. मोटारींचे सुटे भाग बनवणाऱ्या डेन्सो या कंपनीत मासाहिरो हारा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तो विकसित केला. त्यापूर्वी मालाच्या खोक्यांवर उभ्या रेघांचे बारकोड असत. त्यात जेमतेम वीसेक अक्षरे मावत. त्यामुळे एकेका खोक्यावर अनेक बारकोड लावावे लागत आणि ते एकामागून एक वाचताना कामगारांचा वेळ व श्रम वाया जात. माहिती केवळ आडव्या दिशेने न लिहिता आडव्या व उभ्या अशा दोन्ही दिशांनी लिहिली, तर ती कमी जागेत मावेल, हे हारा यांनी ओळखले. 'गो' या जपानी खेळाच्या पटावरील काळ्यापांढऱ्या सोंगट्या पाहून ही कल्पना सुचल्याचे त्यांनी सांगितले आहे.

या कोडचे पेटंट कंपनीकडे होते. तथापि, प्रमाणित पद्धतीने वापर करणाऱ्यांकडून शुल्क न घेण्याचे धोरण कंपनीने स्वीकारले. सन २००० मध्ये त्याला आंतरराष्ट्रीय मानकाचा दर्जा मिळाला. कारखान्यातील हे साधन जगभर पोहोचण्यामागे या खुल्या धोरणाचा मोठा वाटा आहे.

चौकोनाची रचना

क्यूआर कोड म्हणजे बारीक घरांची जाळी होय. सर्वांत लहान कोडमध्ये २१ बाय २१ घरे असतात, तर सर्वांत मोठ्या कोडमध्ये १७७ बाय १७७. काळे घर म्हणजे एक आणि पांढरे घर म्हणजे शून्य, अशा संगणकाच्या द्विमान पद्धतीने त्यात मजकूर साठवला जातो. सर्वांत मोठ्या कोडमध्ये ७,०८९ पर्यंत अंक मावू शकतात.

तीन कोपऱ्यांतील ठळक चौकोन ही या कोडची ओळख. त्यांच्यावरून कॅमेऱ्याला कोड कोठे आहे व तो कोणत्या दिशेला वळला आहे, हे कळते. म्हणूनच मोबाइल तिरका किंवा उलटा धरला तरी कोड वाचता येतो. या चौकोनांतून आडवी रेघ काढल्यास काळ्यापांढऱ्या पट्ट्यांचे प्रमाण १:१:३:१:१ असे येते. अन्य छापील मजकुरात हे प्रमाण क्वचितच आढळते, म्हणून त्याची निवड करण्यात आली.

मळलेला किंवा थोडा फाटलेला कोडही चालतो, याचे कारण त्यातील त्रुटी-दुरुस्तीची सोय. अर्व्हिंग रीड आणि गुस्ताव्ह सॉलोमन या गणितज्ञांनी १९६० मध्ये मांडलेल्या पद्धतीनुसार मूळ मजकुरासोबत काही पूरक माहिती साठवली जाते. तिच्या आधारे खराब झालेला भाग पुन्हा उभा करता येतो. या दुरुस्तीच्या चार पातळ्या असून त्यांत अनुक्रमे सुमारे ७, १५, २५ आणि ३० टक्के हानी भरून काढता येते. हीच पद्धत कॉम्पॅक्ट डिस्कवरील ओरखड्यांवर मात करण्यासाठीही वापरली जाते.

पैशांच्या व्यवहारात

भारतात या कोडला घराघरांत नेले ते यूपीआय या प्रणालीने. मुंबईत मुख्यालय असलेल्या भारतीय राष्ट्रीय देयके महामंडळाने, म्हणजेच एनपीसीआयने, ती विकसित केली. ११ एप्रिल २०१६ रोजी रिझर्व्ह बँकेचे तत्कालीन गव्हर्नर रघुराम राजन यांच्या हस्ते मुंबईत तिचा प्रारंभ झाला. ऑगस्ट २०२५ मध्ये यूपीआयवरील मासिक व्यवहारांची संख्या प्रथमच २ हजार कोटींवर गेली.

सुरुवातीच्या काळात काही कंपन्यांचे कोड केवळ त्यांच्याच अॅपवर चालत. असे नवे कोड काढण्यास रिझर्व्ह बँकेने ऑक्टोबर २०२० मध्ये मनाई केली आणि जुने कोड बदलण्यासाठी ३१ मार्च २०२२ पर्यंतची मुदत दिली. त्यामुळे आज एका कंपनीचा कोड दुसऱ्या कंपनीच्या अॅपने वाचता येतो.

दुकानाच्या कोडमध्ये पैसे नसतात, ग्राहकाच्या खात्याची माहितीही नसते. त्यात असतो तो केवळ पैसे घेणाऱ्याचा यूपीआय पत्ता आणि त्याचे नाव. बिलासोबत यंत्राच्या पडद्यावर दिसणाऱ्या कोडमध्ये रक्कमही नोंदवलेली असते. कोड वाचल्यावर अॅप हा पत्ता भरून घेते, एवढेच. पैसे हलतात ते सहसा ग्राहकाने आपला चार किंवा सहा अंकी पिन टाकल्यानंतर, बँकांच्या यंत्रणेमार्फत.

धोका कोठे आहे?

त्रुटी-दुरुस्तीमुळे कोडवरील डाग भरून निघतो, पण कोड खऱ्या मालकाचा आहे की नाही, हे त्यातून कळत नाही. कोडची छायाप्रतही मूळ कोडइतकीच चालते आणि दोन निरनिराळे कोड माणसाच्या डोळ्यांना सारखेच दिसतात. जानेवारी २०२५ मध्ये मध्य प्रदेशातील खजुराहो येथे दुकानांबाहेरील कोडवर रातोरात दुसरेच कोड चिकटवल्याचे उघडकीस आले होते. ग्राहक पैसे देत राहिले, ते जमा मात्र भलत्याच खात्यात झाले.

दुसरा प्रकार जुन्या वस्तूंच्या विक्रीत आढळतो. खरेदीदार असल्याचे भासवणारी व्यक्ती एक कोड पाठवते आणि 'तो स्कॅन करून पिन टाका, पैसे जमा होतील' असे सांगते. प्रत्यक्षात पिन टाकताच विक्रेत्याच्याच खात्यातून पैसे जातात. पिन ही पैसे देण्याची संमती असते. पैसे स्वीकारण्यासाठी पिन टाकावा लागत नाही.

अशा प्रकारांना आळा घालण्यासाठी एनपीसीआयने काही बदल केले आहेत. कोडमध्ये लिहिलेले किंवा ग्राहकाने मोबाइलमध्ये साठवलेले नाव न दाखवता बँकेत नोंदवलेले खातेदाराचे नावच पडद्यावर दाखवावे, असे २०२५ मध्ये अॅपना बंधनकारक करण्यात आले. तसेच एका व्यक्तीने दुसऱ्या व्यक्तीकडे यूपीआयवरून पैशांची मागणी पाठवण्याची सोय १ ऑक्टोबर २०२५ पासून बंद करण्यात आली.

घ्यावयाची दक्षता

पिन टाकण्यापूर्वी पडद्यावरील नाव व रक्कम वाचावी आणि नाव दुकानदाराला विचारून पडताळावे. दुकानाचे व मालकाचे नाव वेगळे असू शकते, म्हणून विचारणे अगत्याचे. दुकानदारांनी सकाळी दुकान उघडताना आपला कोड स्वतः स्कॅन करून पाहावा आणि शक्यतो तो काचेच्या आत लावावा. ग्राहकाच्या मोबाइलवरील 'पैसे पाठवले' हा संदेश बनावटही असू शकतो. त्यामुळे आपल्या अॅपमधील नोंद किंवा ध्वनिपेटीची घोषणा हाच पुरावा मानावा. अनोळखी पत्रकांवरील व संदेशांतील कोड स्कॅन करण्याचे टाळावे, कारण त्यामागे एखाद्या बनावट संकेतस्थळाचा दुवा असू शकतो.

फसवणूक झाल्याचे लक्षात येताच आपल्या बँकेला कळवावे आणि १९३० या राष्ट्रीय मदत क्रमांकावर तक्रार नोंदवावी. रक्कम पुढच्या खात्यांत वळवली जाण्यापूर्वी तक्रार पोहोचली, तर ती गोठवली जाण्याची शक्यता अधिक असते.