फॉरेस्टची खातेवही

मी बी.कॉम. होऊन बँकेत चिकटलो, तेव्हापासून जगातली कुठलीही गोष्ट मला जमा आणि नावे अशा दोनच रकान्यांत दिसते. लग्नाच्या पंगतीतसुद्धा मी आहेर आणि जिलबी यांचा ताळा जुळवत बसतो. फुटबॉलशी माझा संबंध एवढाच की आमचे चिरंजीव मध्यरात्री टीव्हीपुढे ओरडतात आणि मी उठून त्यांच्यावर ओरडतो. पण त्यांच्याच तोंडून एका इंग्लिश क्लबाची कुंडली ऐकली आणि झोप उडाली ती उडालीच.

क्लबाचं नाव नॉटिंगहॅम फॉरेस्ट. जन्म १८६५. संस्थापक मंडळींनी इटलीच्या गॅरिबाल्डीवर भाळून डझनभर लाल टोप्या घेतल्या, तेव्हापासून रंग लाल. १८८६ साली लंडनमधल्या एका नवख्या क्लबाला त्यांनी आपले लाल शर्ट देऊन टाकले. तो क्लब म्हणजे आजचा आर्सेनल. दिलेले कपडे परत येत नाहीत, हा अनुभव सार्वत्रिक असावा. यांच्या मैदानाचं नाव 'सिटी ग्राउंड', पण ते शहराच्या हद्दीबाहेर. नदीपलीकडच्या शेजाऱ्यांचं नाव 'नॉट्स काउंटी', आणि त्यांचं मैदान मात्र शहरात! शिवाय १९८२ पर्यंत फॉरेस्टचा कारभार कंपनी न करता सभासदांची कमिटीच बघत होती. आमच्या सोसायटीची कमिटी पाण्याची टाकी धुवून घेऊ शकत नाही, आणि या कमिटीने युरोप जिंकला. कसा, ते पुढे येतं.

पहिल्या एकशे दहा वर्षांत जमेला फक्त दोन एफ. ए. कप: १८९८ आणि १९५९. बँकेच्या भाषेत, व्यवहार बंद पडत आलेलं खातं. जानेवारी १९७५ मध्ये ब्रायन क्लफ मॅनेजर म्हणून आला. क्लब तेव्हा दुसऱ्या डिव्हिजनमध्ये. पुढच्या वर्षी क्लफचा जुना जोडीदार पीटर टेलर आला आणि शिल्लक वाढू लागली. माणूस हेरायचा टेलरने आणि त्याला कामाला लावायचं क्लफने, अशी वाटणी. दोघं मिडल्सबरोला एकत्र खेळलेले. १९७२ साली डर्बी काउंटीला त्यांनीच लीग जिंकून दिली होती.

१९७७ मध्ये तिसरा नंबर काढून फॉरेस्ट कसंबसं वर चढलं आणि १९७८ मध्ये थेट लीग विजेतं झालं. लीगचे सलग ४२ सामने हरलं नाही. अवघ्या २,००० पौंडांत एका किरकोळ क्लबाकडून घेतलेल्या गॅरी बर्टल्सने युरोपियन कपात पहिल्याच फेरीत गतविजेत्या लिव्हरपूलला गोल मारला. मग फेब्रुवारी १९७९ मध्ये ट्रेव्हर फ्रान्सिससाठी दहा लाख पौंड मोजले. इंग्लंडमध्ये एवढी रक्कम तोवर कोणी मोजली नव्हती. म्युनिकच्या अंतिम सामन्यात जॉन रॉबर्टसनने चेंडू उचलून दिला, फ्रान्सिसने डोकं लावलं, माल्मो एक-शून्यने गारद. मुद्दल वसूल! पुढच्या वर्षी माद्रिदमध्ये रॉबर्टसनने स्वतःच गोल करून हॅम्बुर्गला हरवलं. म्हणजे घरची लीग एकदा आणि युरोपियन कप दोनदा. असा उलटा ताळेबंद असलेला दुसरा क्लब युरोपात नाही.

मग नावे बाजू. टेलर १९८२ मध्ये बाहेर पडला आणि पुढे डर्बीचा मॅनेजर झाला. १९८३ मध्ये त्याने क्लफला न विचारता याच रॉबर्टसनला डर्बीत नेलं. एका बदलीवरून दोघांची बोलाचाली संपली, ती कायमची. १९९० मध्ये टेलर गेला. क्लफ अंत्यविधीला हजर होता. पुढे आत्मचरित्रही त्याने टेलरलाच अर्पण केलं. पण अर्पणपत्रिकेला समोरून 'काय रे' असं कोण म्हणणार?

क्लब १९९३ मध्ये खाली गेला, १९९४ मध्ये वर आला, १९९७ मध्ये पुन्हा खाली, १९९८ मध्ये पुन्हा वर, १९९९ मध्ये परत खाली. २००५ मध्ये तर तिसऱ्या पायरीवर घसरला, आणि २०२२ मध्ये तेवीस वर्षांनी पहिल्या पंक्तीत येऊन बसला. क्लबांचं बरं असतं. त्यांना तेवीस वर्षं थांबता येतं.

हे सगळं ऐकून मी बेचैन झालो, त्याला कारण आहे. माझ्या शेजारच्या काउंटरवर वीस वर्षं बसलेला माझा मित्र दोन वर्षांपूर्वी ऑफिसर होऊन दुसऱ्या शाखेत गेला. जाताना, मला न विचारता, उत्तम चहा करणारा आमचा शिपाईही त्याने बदली करून नेला. तेव्हापासून आमचं बोलणं बंद.

काल लंच टायमात त्याला फोन लावला.

"काय रे, चहा कसा आहे तिकडचा?"

पलीकडे बराच वेळ शांतता. मग म्हणाला, "एकट्याने प्यायला बरा आहे."

आज संध्याकाळी सही मारून तडक तिकडेच निघालो आहे. चहा प्यायला. शिपाई परत मागायचा विषय दुसऱ्या कपानंतर काढीन म्हणतो.