सुईणीचे दुहेरी काम : उमरखेड परिसरातील प्रसूतिसाहाय्याच्या इतिहासाचा विचार

(१)

प्रसूतीच्या वेळी स्त्रीजवळ कोणी असावे, हा प्रश्न जितका वैद्यकाचा तितकाच समाजेतिहासाचाही आहे. पाश्चात्त्य देशांत गेल्या अर्धशतकात ‘डूला’ या नावाचा एक नवा व्यवसाय उदयास आला. गर्भारपणी, वेणांच्या काळात आणि बाळंतपणानंतर काही दिवस स्त्रीच्या सन्निध राहणे, तिला धीर देणे, तिची पाठ-कंबर चोळणे व तिच्या मनातील गोष्ट वैद्यांच्या कानी घालणे, एवढे या व्यवसायातील स्त्रीचे काम असते. प्रसूती करविणे हे तिचे काम नव्हे. मूळ ग्रीक शब्दाचा अर्थ दासी असा आहे. मानववंशशास्त्रज्ञ दाना राफाएल या विदुषीच्या १९७३ सालच्या ग्रंथाने तो नव्या अर्थाने प्रचारात आला. पुढे १९८० साली ग्वातेमालातील एका रुग्णालयात क्लाउस, केनेल व त्यांचे सहकारी यांनी केलेल्या अभ्यासात, अशी सोबत लाभलेल्या स्त्रियांचा प्रसूतिकाल पुष्कळच कमी झाल्याचे आढळले. आज मुंबई-पुण्यासारख्या शहरांतही मोबदला घेऊन ही सेवा देणाऱ्या स्त्रिया आहेत.

ही गोष्ट नवी म्हणून सांगितली जाते. परंतु जे काम ‘डूला’ करते ते महाराष्ट्रात पूर्वी कोण करीत असे, आणि ते काम तिच्याकडून केव्हा व कसे सुटले, याचा शोध घेतला असता निराळेच चित्र दिसू लागते. सुईणीच्या हातून दोन कामे होत असत : एक हातांचे, म्हणजे मूल सोडविण्याचे, दुसरे सोबतीचे. अव्वल इंग्रजी अमदानीपासून आजपर्यंत झालेल्या सर्व सुधारणांनी पहिल्या कामाचाच विचार केला. दुसऱ्या कामाला सरकारी दप्तरात रकाना नव्हता. म्हणून ते कोणी मुद्दाम बंद न करताही नाहीसे झाले. उमरखेड परिसराच्या उदाहरणावरून या विधानाची छाननी करणे, हा प्रस्तुत विवेचनाचा हेतू होय.

(२)

उमरखेड हे यवतमाळ जिल्ह्याच्या दक्षिण टोकाचे, पैनगंगेच्या खोऱ्यातील गाव. १८५३ च्या तहाने वऱ्हाड इंग्रजांच्या कारभाराखाली आला, तेव्हापासून पैनगंगेच्या अलीकडे इंग्रजी अंमल व पलीकडे निजामाचे राज्य अशी स्थिती १९४७ पर्यंत राहिली. उमरखेड ज्या पुसद तालुक्यात मोडत असे तो आरंभी वाशीम जिल्ह्यात होता. १९०५ च्या पुनर्रचनेत वाशीम जिल्हा मोडला आणि पुसद तालुका यवतमाळास जोडला गेला. त्यामुळे हा भाग नेहमीच कुठल्या ना कुठल्या जिल्ह्याच्या कडेला राहिला. आजही जिल्ह्याचे ठिकाण येथून सुमारे शंभर किलोमीटर दूर आहे. त्यामानाने नदीपलीकडील नांदेड जवळ. तालुक्याच्या पूर्वेकडील जंगलपट्टीला लोक ‘बंदी भाग’ म्हणतात. गावांतून कुणबी, मराठा, बौद्ध, मातंग, मुसलमान इत्यादी समाज, तांड्यांवर बंजारा आणि डोंगराळ भागात आंध आदिवासी, अशी येथील वस्ती आहे. ज्या मुलखात पावसाळ्यात वाट बंद होते तेथे बाळंतपणासाठी बाहेरची मदत येणे शक्य नव्हते. जी काही मदत असे ती गावातच असे.

या मदतीचा इतिहास लिहिताना पहिली अडचण साधनांची येते. सुईणीने स्वतः काही लिहून ठेवलेले नाही. रसेल व हिरालाल यांच्या मध्यप्रांतातील जातिजमातींवरील १९१६ च्या ग्रंथात मांग जातीच्या स्त्रिया सुईणीचे काम करतात, अशी नोंद आहे. परंतु गावगाड्यात मांगाचे बलुते धरले जाई ते दोर वळणे, वाजंत्री वाजविणे इत्यादी कामांबद्दल, आणि तेही पुरुषाच्या नावे. त्याच्या बायकोचे कसब त्या बलुत्याच्या पोटात गडप होई. नंतरच्या सरकारी व मिशनरी लिखाणात ती येते ती बहुधा आरोपी म्हणून. तेव्हा एका साधनात ती अदृश्य आणि दुसऱ्यात ती दोषी. या दोन्हींमधून तिचे खरे काम अनुमानाने, प्रचलित चालीरीतींच्या आधारे व शब्दांच्या साक्षीनेच उभे करावे लागते.

शब्दांची साक्षही बोधप्रद आहे. ‘सुईण’ या शब्दाचा संबंध ‘सू’ म्हणजे प्रसवणे या संस्कृत धातूशी आहे. वऱ्हाडात मात्र अधिक रुळलेला शब्द ‘दाई’ हा होय. त्याचे फारसी रूप दूध पाजणाऱ्या, मूल सांभाळणाऱ्या स्त्रीलाही लावले जाई. म्हणजे एका शब्दात प्रसव प्रधान, तर दुसऱ्यात सांभाळ प्रधान.

(३)

सांभाळाची ही कल्पना जुनी आहे. सुश्रुतसंहितेच्या शारीरस्थानात प्रसूतीच्या वेळी वयाने प्रौढ, प्रसवकर्मात कुशल व नखे कापलेल्या चार स्त्रिया जवळ असाव्यात, असे सांगितले आहे. चरकसंहितेतील वर्णन त्याहून विस्तृत आहे. स्वतः अनेकदा प्रसवलेल्या, स्नेहशील, स्वभावतः वत्सल, खिन्न न होणाऱ्या, क्लेश सोसणाऱ्या आणि आसन्नप्रसवेला आवडणाऱ्या स्त्रियांनी तिच्याभोवती बसून तिला आश्वासन द्यावे, असा त्याचा आशय. या गुणांपैकी कौशल्याचा गुण एखादाच आहे. बाकीचे सोबतीचे आहेत. वैद्यकीय शिक्षणासाठी अमेरिकेस गेलेल्या आनंदीबाई जोशी यांनी १८८६ साली पदवीसाठी लिहिलेल्या प्रबंधाचा विषय आर्य हिंदूंमधील प्रसूतिशास्त्र हाच होता, ही गोष्ट येथे स्मरणीय आहे. मात्र शास्त्रग्रंथांतील स्त्री आणि गावातील सुईण यांत एक मोठे अंतर होते, व ते जातीचे होते.

गावातील रीत सामान्यतः अशी. वेणा सुरू झाल्या की सुईणीला बोलावणे जाई. ती पोटाला तेल लावून चोळी, कळ ओळखी आणि बहुतांशी वाट पाही. घरातल्या, शेजारच्या अनुभवी बाया बाळंतिणीला मागून धरून बसत; सुईण समोर असे. मूल झाल्यावर नाळ कापणे, वार पडेपर्यंत थांबणे, ती पुरणे ही कामे तिची. परंतु तेथे तिचे काम संपत नसे. पुढचे काही दिवस ती रोज येई. बाळंतिणीला व बाळाला तेल लावून न्हाऊ घाली, बाजेखाली शेगडी ठेवून शेक देई, ओवा-शेपांची धुरी देई. पाचवीच्या पूजेत, सटवाईच्या जागरणात तिचा मान असे. बाळंतीण काय खाते, तिला दूध येते की नाही, तिचे मन ठिकाणावर आहे की नाही, हे रोजच्या येण्याने तिला कळे. मोबदला धान्य, लुगडे-चोळी, नारळ अशा रूपाने मिळे. मुलगा झाल्यास अधिक, मुलगी झाल्यास कमी, असा भेदही सर्रास होता.

या चित्राला भुलून जाण्याचे कारण नाही. ज्या स्त्रीचा हात जन्माच्या क्षणी अत्यावश्यक, तिचाच स्पर्श एरवी विटाळ मानला जाई. सोवेर फिटले, घर सारवले, की तिला पुन्हा उंबऱ्याबाहेर जागा. प्रसूतीचे रक्त व वार यांना अपवित्र मानणाऱ्या समाजाने ते काम ज्यांना नकार देण्याची सोय नव्हती त्यांच्यावर सोपविले होते. ग्रीक शब्दातील दास्य येथे प्रत्यक्षात होते. म्हणून दलित समाजातील स्त्रियांनी पुढे हे काम सोडले, किंवा आपल्या लेकीसुनांना शिकविले नाही, तर त्यात केवळ परंपरेचा ऱ्हास पाहणे हे अर्धेच पाहणे होय.

दुसरी बाजू मृत्यूची. विळ्याने कापलेली नाळ आणि तीवर लावलेली राख यांतून नवजाताला धनुर्वात होई. मूल आडवे आले, वार अडकली वा रक्तस्राव थांबेना, तर सुईणीच्या हाती उपाय नसे. भोर समितीच्या १९४६ च्या अहवालाने देशातील मातामृत्यूंचे प्रमाण दर हजार जिवंत जन्मांमागे सुमारे २० आणि बाळंतपणाशी निगडित मृत्यूंची संख्या वर्षाला सुमारे २ लाख अंदाजिली होती. सुधारणेची निकड खरी होती, यात शंका नाही.

(४)

या सुधारणेचे तीन टप्पे पडतात. पहिला टप्पा निंदेचा व शिक्षणाचा. १८८५ साली लेडी डफरिन यांच्या पुढाकाराने स्त्रियांना स्त्री-वैद्यांची मदत मिळवून देणारा निधी स्थापन झाला; परिचारिका व सुईणी तयार करणे हे त्याच्या उद्दिष्टांपैकी एक होते. १९०३ साली लेडी कर्झन यांच्या प्रेरणेने व्हिक्टोरिया स्मारक शिष्यवृत्ती निधी निघाला तो खास पारंपरिक दायांना शिकविण्यासाठी. या प्रयत्नांचा भर स्वाभाविकपणेच शहरांवर राहिला. महाराष्ट्रात पुण्याच्या सेवासदनाने परिचारिका व सुईणी घडविण्याच्या कामात भाग घेतला, आणि पांढरपेशा स्त्रियांनाही या व्यवसायाची वाट खुली झाली. येथे एक बदल झाला तो ध्यानात घेतला पाहिजे. नवी सुईण प्रमाणपत्रधारी होती व तिला दर्जा होता. परंतु तिचे कर्तव्य प्रसूतीपुरते आखलेले होते.

दुसरा टप्पा स्वातंत्र्योत्तर. १९४७ च्या भारतीय परिचर्या परिषद कायद्याने परिचर्येच्या शिक्षणाला देशभर एक चौकट दिली. १९५२ पासून सामूहिक विकास योजनेबरोबर प्राथमिक आरोग्य केंद्रे निघाली आणि साहाय्यक परिचारिका-प्रसाविका, जिला खेड्यात ‘नर्सबाई’ म्हणतात, ती गावोगाव फिरू लागली. तिच्यावर लसीकरण, कुटुंबनियोजन, नोंदवह्या असा भार वाढत गेला. एका बाळंतिणीपाशी रात्रभर बसणे तिला शक्यच नव्हते. १९७७ च्या ग्रामीण आरोग्य योजनेने पुन्हा दाईकडे मोर्चा वळविला : हजार वस्तीमागे एक शिकलेली दाई, ३० दिवसांचे प्रशिक्षण, ३०० रुपये विद्यावेतन व एक प्रसूतिसंच. शिक्षणाचा गाभा ‘पाच स्वच्छता’ हा होता : हात, जागा, पाते, नाळ बांधण्याचा दोरा व नाळेचे टोक स्वच्छ असणे. या पाचही गोष्टी अमोल आहेत. धनुर्वाताच्या लसीबरोबर त्यांनी असंख्य बालके वाचविली, आणि २०१५ साली माता व नवजात यांच्या धनुर्वाताचे भारतातून निर्मूलन झाल्याचे मान्य करण्यात आले. परंतु दाईला जे आधीच येत होते, म्हणजे सोबत, त्याचा या अभ्यासक्रमाच्या गाभ्यात समावेश नव्हता.

विदर्भात या टप्प्याचा उत्तम प्रयोग गडचिरोलीस झाला. डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने ३९ गावांत आरोग्यदूत स्त्रिया व दाया यांच्या साहाय्याने घरच्या घरी नवजात-सेवा दिली. १९९९ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार नवजात मृत्यूंचे प्रमाण ६२ टक्क्यांनी घटले. गावातील स्त्रीचे ज्ञान व वैद्यकाचे ज्ञान परस्परविरोधी नसून पूरक होऊ शकतात, हे या प्रयोगाने दाखविले. शासनाच्या १९९५ च्या नवसंजीवन योजनेत, जिच्या कक्षेत यवतमाळ जिल्ह्यातील आदिवासी भागही येतो, ‘दाई बैठका’ हा एक घटक होता. दाई तेव्हापर्यंत शासनाच्या लेखी हजर होती.

(५)

तिसरा टप्पा रुग्णालयाचा. १२ एप्रिल २००५ रोजी जननी सुरक्षा योजना सुरू झाली. महाराष्ट्रात दारिद्र्यरेषेखालील तसेच अनुसूचित जाती-जमातींच्या ग्रामीण मातेला रुग्णालयात प्रसूती झाल्यास ७०० रुपये मिळू लागले; २०११ पासून मोफत वाहन व उपचारांची हमी आली. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार महाराष्ट्रातील संस्थात्मक प्रसूती २००५-०६ मध्ये ६४.६ टक्के होत्या, त्या २०१५-१६ मध्ये ९०.३ व २०१९-२१ मध्ये ९४.७ टक्क्यांवर गेल्या. देशातील मातामृत्यूंचे प्रमाण २०१८-२० मध्ये लाख जिवंत जन्मांमागे ९७ वर आले. भोर समितीचा अंदाज त्याच मापाने २,००० होतो. इतिहासात इतकी निर्विवाद प्रगती क्वचितच आढळते.

याच प्रगतीच्या ओघात दाईचे पद लोप पावले. तिच्या हातांच्या कामाची जागा डॉक्टर व परिचारिका यांनी घेतली. सोबतीच्या कामाचे काय झाले? ‘आशा’ कार्यकर्ती गर्भवतीला रुग्णालयापर्यंत पोहोचविते. पण प्रसूतिगृहाच्या दाराशी तिची हद्द बहुधा संपे, आणि सासू, आई, मावशी याही बाहेरच थांबत. बंदी भागातील एखादी आंध किंवा बंजारा मुलगी अनोळखी खाटेवर, अनोळखी माणसांत व पुष्कळदा परक्या भाषेत पहिलटकरणीच्या वेणा सोसू लागली, तर पूर्वी तिच्या भोवती असणाऱ्या चार स्त्रियांपैकी एकही तेथे नसे. ती अधिक सुरक्षित होती. आणि अधिक एकाकीही होती.

या उणिवेची जाणीव उशिरा झाली. फेब्रुवारी २०१६ मध्ये केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने सार्वजनिक रुग्णालयांत प्रसूतीच्या वेळी सोबतीण ठेवण्यास अनुमती दिली. ती स्वतः प्रसूतीचा अनुभव घेतलेली स्त्री असावी, असे त्यात सुचविले आहे. चरकाने सांगितलेली पहिली अट हीच होती. १५,८५८ स्त्रियांवरील २६ चाचण्यांचे २०१७ साली प्रसिद्ध झालेले परीक्षणही हेच सांगते की अखंड सोबतीमुळे स्वाभाविक प्रसूतीचे प्रमाण वाढते आणि शस्त्रक्रियेचे घटते. २०१८ साली जागतिक आरोग्य संघटनेने स्त्रीच्या पसंतीची सोबत असावी, अशी शिफारस केली. शास्त्र फिरून जेथे आले तेथे सुईण पूर्वीच बसलेली होती.

(६)

या विवेचनावरून घरच्या बाळंतपणाकडे परत जावे, असा निष्कर्ष निघत नाही. जातीच्या सक्तीवर उभी असलेली व्यवस्था मोडली हे योग्यच झाले, आणि रुग्णालयाने वाचविलेले प्राण कोणत्याही स्मरणरंजनाहून मोलाचे आहेत. निष्कर्ष निघतो तो वेगळा. एखाद्या कामाचे मोल ते करणाऱ्या व्यक्तीच्या सामाजिक स्थानावरून ठरविले गेले, की ती व्यक्ती बाजूला होताच कामही विस्मृतीत जाते. मातंग वा आंध स्त्रीने केलेली सोबत ही ‘सेवा’ म्हणून कधी मोजली गेली नाही. तीच सोबत शहरात परकीय नाव धारण करून आली, तेव्हा तिला शुल्क व प्रतिष्ठा लाभली. ज्यांच्याकडे ते शुल्क देण्याची ऐपत नाही त्यांच्यासाठी सरकारी अनुमतीचा कागद आहे. तो दूरच्या तालुक्यातील प्रसूतिगृहात कितपत उतरतो, यावर पुढील बरेच अवलंबून राहील.

इतिहाससंशोधकांपुढील कार्य तातडीचे आहे. १९७७ नंतरच्या योजनेत शिकलेल्या दायांपैकी ज्या हयात आहेत त्या आता वृद्ध झाल्या आहेत. उमरखेड, महागाव, पुसद या तालुक्यांत आणि पैनगंगेपलीकडील गावांत त्यांच्या मौखिक साक्षी नोंदविल्या गेल्या, तर नदीच्या दोन्ही तीरांवरील दोन भिन्न राजवटींत हे काम कसे चालले, याची तुलना शक्य होईल. मात्र त्या नोंदींत ‘किती प्रसूती केल्या’ या प्रश्नाबरोबर ‘किती रात्री जागून काढल्या’ हाही प्रश्न असावा. आजवरच्या दप्तरांनी पहिलाच प्रश्न विचारला. दुसऱ्याचे उत्तर त्या वृद्धांबरोबरच जाण्याच्या वाटेवर आहे.