इशाऱ्याची पोच

नाशिकच्या सराफ बाजाराला पिढ्यान्‌पिढ्या दोन गोष्टींची धास्ती आहे, गोदावरीच्या पुराची आणि चोराची. यांपैकी पुराची वर्दी देण्याची जी रीत या शहरात परंपरेने रुजली, ती चोरासाठी पुढे आलेल्या सर्व यंत्रांहून जुनी, बिनखर्ची आणि माझ्या मते पुष्कळ अधिक शास्त्रशुद्ध आहे. रामकुंडाच्या परिसरात नदीच्या पात्रातच दुतोंड्या मारुतीची जी उंच मूर्ती उभी आहे, तिच्या गुडघ्याला पाणी लागले, कमरेला लागले, छातीला लागले, गळ्याशी आले, अशा चढत्या श्रेणीने पूर मोजण्याचा प्रघात येथे इतका सार्वत्रिक आहे की, गंगापूर धरणातून किती पाणी सोडले याचे सरकारी आकडे घरोघर पोचत असतानाही, दुकानातला ऐवज वरच्या मजल्यावर हलवावा की नाही, हे सराफ बाजारातला दुकानदार मारुतीच्या अंगावर चढणाऱ्या पाण्यावरूनच ठरवितो. १९६९ चा महापूर, १९ सप्टेंबर २००८ चा पूर, २०१६ च्या ऑगस्टमधला पूर, हे सारे नाशिककरांच्या तोंडी याच मापाने येतात. या मापाची शेवटची पायरी म्हणजे १७४७ साली बांधलेल्या नारोशंकराच्या मंदिराची घंटा. ती मूळची पोर्तुगीज घडणीची असून १७३९ च्या वसईच्या विजयानंतर इकडे आली असे परंपरा सांगते. तिला पाणी लागले की त्यापुढे मोजण्यासारखे काही उरत नाही.

मूर्ती कोणाला हाक मारीत नाही. परंतु तिच्यावरील प्रत्येक पातळीचा अर्थ सर्वांनी आधीच मान्य केलेला असल्याने एका दृष्टिक्षेपात काय घडले, किती घडले आणि आता काय करावयाचे, हे तिन्ही प्रश्न निकालात निघतात. उणीव एवढीच की, मध्यरात्री पाणी चढू लागले तर पाहणारा कोणीतरी जागा असला पाहिजे, आणि ज्याने पाहिले त्याने दुसऱ्यास कळविले की नाही, याची पोच कोणाजवळही राहत नाही. इशाऱ्याच्या इतिहासात मला जो प्रश्न सर्वांत महत्त्वाचा वाटतो तो हाच. कर्कश आवाज करणे कोणत्याही काळी अवघड नव्हते. तो ऐकल्याची जबाबदारी कोणी पत्करली, हे ठरविणे मात्र नेहमीच अवघड होते.

हा प्रश्न पेशवाईच्या मुलखात गावगाड्याने सोडविला होता, आणि तो किती कसोशीने सोडविला होता याची साक्ष परक्या राज्यकर्त्यानेच देऊन ठेवली आहे. १८१८ च्या एप्रिलमध्ये नाशिक इंग्रजांच्या ताब्यात गेले. पुढच्याच वर्षी दख्खनचा कमिशनर माउंट स्टुअर्ट एल्फिन्स्टन याने जिंकलेल्या प्रदेशाविषयी जो अहवाल सादर केला, त्यात गावच्या रखवालदाराचे, म्हणजे जागल्याचे, वर्णन आहे. पुणे-साताऱ्याकडे हे काम रामोशी करीत. नाशिक-खानदेशाच्या बाजूला जागल्या बहुधा भिल्ल वा कोळी असे. त्याने रात्री गस्त घालावी, गावात आल्या-गेल्याची माहिती ठेवावी, कोण काय कमावतो आणि कसा राहतो याकडे लक्ष द्यावे, आणि चोरी झालीच तर चोराचा माग काढावा. हा माग काढण्याचा नियम मोठा विचारपूर्वक केलेला होता. पावलांचे ठसे धरीत जागल्या शिवेपर्यंत जाई. ठसे शेजारच्या गावच्या हद्दीत शिरले आहेत, हे त्या गावच्या जागल्यास पटवून दिले आणि त्याने ते कबूल केले, म्हणजेच पहिल्याची जबाबदारी संपे आणि दुसऱ्याची सुरू होई. कबूल न केल्यास माग पहिल्याच गावच्या गळ्यात राही, आणि गेल्या मालाची भरपाई, निदान आपल्या हक्काच्या उत्पन्नापुरती तरी, जागल्यास आणि प्रसंगी साऱ्या गावास करून द्यावी लागे. बातमी शिवेवर फेकून परतणे या व्यवस्थेत मुळी बसतच नव्हते. समोरच्याने ती रुजू करून घेतल्यावाचून सुटका नव्हती.

इंग्रजी अंमलात ही सामुदायिक जामिनकी हळूहळू सैल झाली. १८६७ च्या मुंबई ग्राम पोलीस कायद्याने पोलीस पाटलाची कर्तव्ये लेखी नमूद झाली, फौजदारी तपास खात्याकडे गेला, आणि चोरीची भरपाई गावाने द्यावी ही कल्पना मागे पडली. जागल्या उरला, परंतु त्याच्या पाठीमागचे गाव उरले नाही. मग ज्याची वस्तू त्याने राखावी हा न्याय आला, आणि त्याबरोबर कुलूप व तिजोरी यांचे युग आले. या संदर्भात नाशिकचा एक धागा फारसा कोणाच्या लक्षात नसतो: १८९७ साली मुंबईत कुलपांचा कारखाना काढणारे अर्देशिर गोदरेज यांनी पुढे धंदा भावाच्या हाती सोपवून आयुष्याची अखेरची वर्षे नाशिकला शेती करण्यात घालविली. देशाला कुलूपबंद करणाऱ्या माणसाने उघड्या शिवारात येऊन राहावे, यात विनोद शोधावयाचा की वैराग्य, हे ज्याचे त्याने ठरवावे.

कुलपाला तोंड नसते. त्याला तोंड देण्याची खटपट अमेरिकेत झाली. मॅसॅच्युसेट्समधील सॉमरव्हिल येथील ऑगस्टस रसेल पोप या धर्मोपदेशकाने २१ जून १८५३ रोजी दारे-खिडक्यांना विजेची तार जोडून घंटा वाजविण्याचे पेटंट मिळविले. चारच वर्षांनी ते एडविन होम्स याने विकत घेतले आणि त्याचा धंदा केला. परंतु घरातील घंटा घरधन्याशिवाय कोणाला जागे करणार? म्हणून पुढची पायरी मध्यवर्ती चौकीची आली: ठिकठिकाणच्या तारा एका कचेरीत आणावयाच्या आणि तेथे पगारी माणूस रात्रंदिवस बसवावयाचा. होम्सच्या मुलाने १८७७ साली बोस्टनमध्ये याच गजराच्या तारांवर टेलिफोन जोडून दाखविले. म्हणजे टेलिफोनचा हा आरंभीचा विस्तार चोरघंटेच्या तारेवरून झाला, आणि शंभर वर्षांनी चोरघंटा टेलिफोनच्या तारेवर स्वार झाली.

नाशिकपुरते बोलावयाचे तर या शहरात बंदोबस्ताची पराकाष्ठा पाहावयास मिळते ती नाशिकरोडला. तेथे १९२५ पासून मुद्रणालयात टपालाची तिकिटे छापली जाऊ लागली आणि १९२८ पासून चलनी नोटाही. त्या भिंतींआडच्या व्यवस्थेविषयी बाहेरच्याने तर्क करू नयेत हेच इष्ट. आज तेथे केंद्रीय औद्योगिक सुरक्षा दलाचा पहारा असतो एवढे पुरे. सामान्य व्यापाऱ्याची, सातपूर-अंबडच्या कारखानदाराची, शहरातील पतपेढ्यांची गोष्ट निराळी. त्यांच्या नशिबी प्रथम आला तो हूटर. शटरला चुंबकी स्विच, आत एक पेटी, बाहेर भिंतीवर भोंगा. पहिल्या रात्री सारी आळी धावून येई, चौथ्या रात्री कोणी कूस बदलीत नसे. आणि हा दोष आळीचा म्हणता येणार नाही, कारण त्या आवाजाने कोणाचेही नाव घेतलेले नसे.

नाव घेणारे यंत्र म्हणजे गजर होताच ठरलेल्या क्रमांकांवर आपोआप फोन लावणारा ऑटो डायलर. येथून या व्यवसायात एक नवा कारागीर दाखल झाला: स्क्रू पिळणारा नव्हे, तर कीपॅडवर अंक भरणारा. पॅनेलच्या स्मरणात मालकाचा, व्यवस्थापकाचा, चौकीचा क्रमांक भरावयाचा, किती वेळा प्रयत्न करावा ते भरावयाचे, दोन प्रयत्नांत किती अवकाश ठेवावा ते भरावयाचे. जुन्या एक्स्चेंजसाठी ‘पल्स’ निवडावे लागे, म्हणजे जितका अंक तितक्या वेळा तार तोडावयाची, आणि शून्यासाठी दहा वेळा. इलेक्ट्रॉनिक एक्स्चेंज आल्यावर ‘टोन’. पॅनेलची तार दुकानातील इतर फोनांच्या आधी जोडावी, हा नियम ज्याने पाळला नाही त्याच्याकडे चोराने नुसता रिसीव्हर उचलून ठेवला तरी पॅनेल मुके होई. त्यातच टेलिफोन खात्याने स्वतःचे अंक बदलावेत! नव्या शतकाच्या आरंभी नाशिकच्या सहा अंकी क्रमांकांच्या आधी २ लागला, आणि १५ जानेवारी २०२१ पासून लँडलाइनवरून मोबाइलला फोन करताना आधी शून्य लावणे देशभर आवश्यक ठरले. माणसाला असा बदल एका चुकलेल्या फोनने कळतो. भिंतीवरील पेटी मात्र तिला दिलेला जुना हुकूम निष्ठेने पाळीत बसते, आणि तिची ही निष्ठा उघडकीस येते ती नेमकी चोरीच्या रात्री.

ध्वनिमुद्रित आवाजाने फोन करणाऱ्या या डायलरला पलीकडे कोण बोलतो हे कळत नाही. फोन लहान मुलाने उचलला तरी त्याच्या लेखी काम झाले. हा दोष ज्या पद्धतीने दूर केला ती ‘काँटॅक्ट आयडी’ ही संदेशरचना अमेरिकेतील अॅडेमको कंपनीची आहे, आणि तिच्यात मला शिवेवरच्या जागल्याचा पुनर्जन्म दिसतो. पॅनेल मध्यवर्ती केंद्राला फोन लावते आणि गप्प राहते. केंद्रातील रिसीव्हर १४०० आणि २३०० हर्ट्‌झचे दोन सूर, प्रत्येकी सेकंदाच्या दहाव्या हिश्शाइतके, देतो. याचा अर्थ ‘सांगा’. मग पॅनेल सोळा अंक उच्चारते. पहिले चार ग्राहकाच्या खात्याचे. नंतर १८ ही पद्धतीची खूण. नंतर नवी घटना असल्यास १ आणि पूर्वस्थिती आल्यास ३. नंतर घटनेचे तीन अंक, जसे आगीला ११०, घरफोडीला १३०, वीज गेल्यास ३०१, नित्याच्या चाचणीला ६०२. मग विभागाचे दोन आणि झोनचे तीन. शेवटचा अंक ताळ्याचा: सर्व अंकांची बेरीज पंधराने निःशेष भागली गेली पाहिजे, आणि या बेरजेत शून्य दहा धरावयाचे. खाते १२३४, घरफोडी, विभाग ०१, झोन ००३ अशी वर्दी घेतली तर बेरीज ६८ भरते, म्हणून ताळ्याचा अंक ७. हे जुळले तरच केंद्र १४०० हर्ट्‌झचा एक लांब सूर देऊन पोच देते. सव्वा सेकंदात पोच न आल्यास पॅनेल तेच पुन्हा सांगते, चार वेळा सांगते, आणि तरीही मौन असेल तर फोन ठेवून पुन्हा प्रथमपासून लावते. एल्फिन्स्टनच्या अहवालातील माग कबूल करून घेण्याचा नियम याहून फारसा निराळा नव्हता. फरक इतकाच की तेथे माग कबूल करून घेता न आल्यास भरपाई द्यावी लागे.

सिमकार्डाचे पॅनेल आले तेव्हा तार कापण्याचे भय गेले आणि रिचार्जचे आले. ज्या सिमवरून वर्षभरात एकही फोन जात नाही ते मुदत संपल्यावर निमूटपणे बंद पडते, आणि जे यंत्र केवळ अनर्थाच्या वेळीच बोलावे म्हणून बसविले आहे त्याचे सिम तर असे असणारच. यावर उपाय जुनाच आहे: दर चोवीस तासांनी ६०२ पाठविणे, आणि तो न आल्यास केंद्राने स्वतः चौकशी करणे. इंटरनेटवरची नवी पॅनेले ही हजेरी काही मिनिटांच्या, कधी सेकंदांच्या अंतराने देतात. तथापि किती दुकानांत ही हजेरी चालू केलेली असते, हा प्रश्न मी सराफ बाजारातील परिचितांना विचारला तेव्हा मिळालेली उत्तरे बहुधा दुसऱ्याकडे बोट दाखविणारी होती. बसविणारा म्हणे मालकाला खर्च नको, मालक म्हणे बसविणाऱ्याने सांगितलेच नाही.

दरम्यान नाशिकसह काही जिल्ह्यांच्या ग्रामीण भागात एक वेगळीच व्यवस्था चालू झाली आहे. ग्राम सुरक्षा यंत्रणा या नावाच्या या योजनेत संकटात सापडलेल्याने एका ठरावीक क्रमांकावर फोन करून आपल्याच आवाजात संदेश सांगावयाचा. तो त्या गावातील सर्व नोंदलेल्या मोबाइलांवर फोनच्या रूपाने वाजतो. चोर आला, वाट चुकलेले मूल सापडत नाही, बिबट्या मळ्यात शिरला, कांद्याच्या चाळीला आग लागली, कोणतेही निमित्त चालते. येथे खाते क्रमांक नाही, झोन नाही, ताळ्याचा अंक नाही. आवाज ओळखीचा असतो, आणि ज्याने ऐकले त्याला ऐकले नाही असे दुसऱ्या दिवशी पारावर सांगता येत नाही.