वैयक्तिकृत अध्ययन

वैयक्तिकृत अध्ययन म्हणजे प्रत्येक विद्यार्थ्याची सद्यःस्थिती, गती व भाषा ध्यानात घेऊन केलेली अध्ययनाची आखणी होय. चांगले शिक्षक हे पूर्वीपासून करीत आले आहेत. संगणक व भ्रमणध्वनीमुळे ते मोठ्या वर्गातही काही अंशी शक्य झाले. शाळा अर्धवट सोडावी लागण्याचा किंवा अभ्यासात कायमचे मागे पडण्याचा धोका असलेल्या मुलांच्या संदर्भात या पद्धतीला विशेष महत्त्व आहे.

गरज

एका इयत्तेतील सर्व मुले एकाच पातळीवर आहेत असे गृहीत धरून पाठ्यपुस्तक व वेळापत्रक तयार होते. शिक्षण हक्क कायदा, २००९ नुसार शाळाबाह्य मुलाला त्याच्या वयानुरूप वर्गात प्रवेश मिळतो. ही तरतूद न्याय्य आहे. मात्र वय आणि पातळी यांतील अंतर त्यामुळे आपोआप भरून निघत नाही. त्यासाठी कायद्यात विशेष प्रशिक्षणाची तरतूद आहे. हातच्याची वजाबाकी न येणाऱ्या मुलासाठी पाचवीतील अपूर्णांकांचा तास नुसता बसून काढण्याचा असतो.

रायगड जिल्ह्यातील महाड व पोलादपूर तालुक्यांत ही अडचण स्पष्ट दिसते. सावित्रीकाठचे सव हे गाव महाड शहरापासून जवळ आहे. सह्याद्रीच्या कुशीतील वाड्या मात्र विखुरलेल्या असून तेथील लहान शाळांत एक-दोन शिक्षकांना अनेक इयत्ता एकत्र सांभाळाव्या लागतात. जिल्ह्यातील कातकरी कुटुंबे पावसाळा सरल्यावर वीटभट्टीच्या किंवा कोळशाच्या कामासाठी बाहेर पडतात व पुढील पावसाच्या तोंडावर परततात. मुलेही सोबत जातात आणि शालेय वर्षाचा मोठा भाग बुडतो. कातकरी बोली व पाठ्यपुस्तकाची प्रमाण मराठी यांतील अंतराची त्यात भर पडते.

बडोदे व दिल्ली येथील अभ्यास

१९९४ मध्ये मुंबईत सुरू झालेल्या ‘प्रथम’च्या बालसखी उपक्रमात यंत्र नव्हते. मागे पडलेल्या मुलांना वस्तीतीलच एक तरुणी वेगळे बसवून पायाभूत वाचन व गणित शिकवी. याच संस्थेने बडोद्यातील नगरपालिका शाळांत चौथीच्या मुलांसाठी संगणकावरील गणिती खेळ आणले. दोन मुलांमागे एक संगणक, आठवड्याला दोन तास, आणि मुलाच्या उत्तरांप्रमाणे बदलणारी काठिण्यपातळी असे त्याचे स्वरूप होते. अभिजित बॅनर्जी, शॉन कोल, एस्थर डुफ्लो व ली लिंडन यांच्या २००७ मधील शोधनिबंधानुसार दुसऱ्या वर्षी गणितातील प्रगती प्रमाण विचलनाच्या ०.४७ पट होती. उपक्रम थांबल्यावर वर्षभरात त्यातील बराच भाग ओसरला.

दिल्लीत ‘माइंडस्पार्क’ या आज्ञावलीचा अभ्यास कार्तिक मुरलीधरन, अभिजित सिंह व अलेहांद्रो गानिमियन यांनी २०१९ मध्ये प्रसिद्ध केला. त्यातील सहावीची मुले गणितात सरासरी अडीच इयत्ता मागे होती. सुमारे साडेचार महिन्यांत गणितात ०.३७ व हिंदीत ०.२३ प्रमाण विचलन एवढी वाढ आढळली. शाळेच्या गणिताच्या परीक्षेत मात्र ही वाढ उमटली नाही. तिसरीच्या पातळीवरून चौथीच्या पातळीवर आलेले मूल सहावीच्या प्रश्नपत्रिकेत तेवढेच नापास दिसते. अशा उपक्रमांना निष्फळ ठरवणाऱ्यांनी हा मुद्दा विचारात घ्यायला हवा.

महाराष्ट्रातील प्रयोग

सोलापूर जिल्ह्यातील माढा तालुक्यात परितेवाडी येथे रणजितसिंह डिसले हे २००९ मध्ये जिल्हा परिषद शाळेत रुजू झाले. तेथील अनेक मुलींची घरची भाषा कन्नड होती. त्यांनी पाठ्यपुस्तकांचा अनुवाद केला व त्यात क्यूआर कोड छापून ध्वनिमुद्रित कविता, चित्रफिती व स्वाध्याय जोडले. पुढे राज्याच्या पाठ्यपुस्तकांतही असे कोड आले. या कार्यासाठी डिसले यांना २०२० चा ‘ग्लोबल टीचर प्राइझ’ मिळाला. दहा लाख डॉलरपैकी निम्मी रक्कम त्यांनी अंतिम फेरीतील अन्य नऊ शिक्षकांत वाटली.

काटेकोरपणे पाहता, सर्वांच्या पुस्तकात छापलेला एकच कोड म्हणजे वैयक्तिकृत अध्ययन नव्हे. कोड सर्वांना तीच चित्रफीत दाखवतो. परितेवाडीत भाषेची निवड त्या मुलींकडे पाहून झाली होती; राज्यभर पोहोचले ते प्रामुख्याने तंत्र.

कोविड-१९ च्या काळात राज्य शैक्षणिक संशोधन व प्रशिक्षण परिषदेने व्हॉट्सॲपवरून प्रश्न सोडवण्याचा ‘स्वाध्याय’ उपक्रम राबवला. सह्याद्री वाहिनीवरून ‘टिलीमिली’ ही मालिका प्रसारित झाली. जुलै २०२१ पासून ४५ दिवसांचा सेतू अभ्यास व तीन चाचण्या घेण्यात आल्या.

मर्यादा

घरात एकच भ्रमणध्वनी असून तो वडिलांबरोबर कामावर जात असेल, तर ऑनलाइन पाठ मुलापर्यंत पोहोचत नाही. डोंगराळ भागात संपर्कयंत्रणाही बेभरवशाची असते. जुलै २०२१ च्या महापुरात महाड शहर पाण्याखाली गेले, तळिये येथे दरड कोसळली आणि वीज व दूरध्वनी सेवा खंडित झाल्या. त्यामुळे अशा ठिकाणी आंतरजालाविना चालणारे साहित्य व छापील सरावपत्रे यांचा उपयोग अधिक होतो.

स्थलांतरित मुलांसाठी राज्यात शिक्षण हमी पत्रकाची पद्धत आहे. मुलाचे शिक्षण कोठवर झाले हे नव्या शाळेला कळावे व तेथून पुढे शिकवले जावे, हा त्याचा उद्देश. ‘सरल’ प्रणालीत प्रत्येक विद्यार्थ्याची नोंद असल्याने त्याचा माग काढणे सुकर झाले. मात्र इयत्ता व हजेरी नोंदवणे सोपे असते. मुलाला जोडाक्षरे वाचता येतात की नाही, हे त्याला शेजारी बसवूनच तपासावे लागते. पालकांनी मुलाला गावातच ठेवावे यासाठी हंगामी वसतिगृहांची योजनाही आहे.